वेग तपासला

४ मार्च

मामा,

‘तीर्थरूप’ लिहिलं की आपण थेट भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसल्यासारखं वाटतं, असं तूच म्हणतोस. म्हणून ते गाळलं. नमस्कार मात्र वाकूनच. मी बरी आहे, खोकला गेला. आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. घरमालकांनी शेवटी नळ बदलला. एवढ्या बातम्या.

पत्र बघून तुला आश्चर्य वाटेल. फोनच केला असता, पण तू उचलत नाहीस. आई म्हणते, ‘अगं, माझा उचलतो, पण दोन शब्दांत ठेवतो.’ म्हणजे तिला दोन शब्द तरी मिळतात.

आधी कामाचं. तुमच्या बँडच्या टेपांवरून आम्ही काढलेली रेकॉर्ड संपली. पाचशे प्रती, चार महिन्यांत. जुनं ध्वनिमुद्रण स्वच्छ करून नव्याने काढणारी आमची सहा माणसांची कंपनी (तू तिला ‘आवाजाची लाँड्री’ म्हणतोस), तिथे पाचशे म्हणजे झुंबड. आता दुसरी आवृत्ती निघते आहे आणि सोबतची पुस्तिका मला लिहायची आहे. जॅझच्या बदलत्या शैलींचा इतिहास आणि त्यात तुमचा बँड कुठे बसतो ते, आठ पानांत.

पहिला मसुदा मी पुस्तकं समोर ठेवून लिहिला. तारखा बरोबर होत्या, बाकी त्यात काही नव्हतं. कंपनी चालवणाऱ्या आमच्या बाईंनी वाचला आणि विचारलं, ‘हे वाचून कुणाचा पाय तरी हलेल का?’ मग तो बाजूला ठेवला आणि मी नऊ वर्षांची असताना तू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सांगितलं होतंस, ते आठवून लिहिलं. बघ जमलंय का.

सुरुवातीचं जॅझ म्हणजे रस्त्यातून चाललेली वाजंत्री. कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, सगळे एकदम बोलतात. ‘आपल्या घरी जेवताना बोलतात तसे,’ तू म्हणालास, ‘फरक एवढाच की ते एकमेकांचं ऐकतात.’ मग मोठे बँड आले. पंधरा-सोळा माणसं, समोर लिहिलेले कागद, नाचाचे मोठाले हॉल. तो स्विंग. ‘कवायतच, पण हसत केलेली.’ त्याचा काही तरुणांना कंटाळा आला. त्यांनी कागद सारले, चौघा-पाचांत वाजवायला लागले, वेग वाढवला, स्वर असे काही वळवले की नाचणारे खाली बसले. तो बीबॉप. ‘मागच्या बाकावरची हुशार पोरं. आपसातच बोलणार, आणि गुरुजींना कळू नये असंच बोलणार.’ मामी ओट्यापाशी उभी होती. ती म्हणाली, ‘आणि नाचायला आलेल्यांनी काय करायचं?’ ‘ऐकायचं.’ ‘नवीन चपला घालून?’

त्यानंतर कूल, म्हणजे थंड शैली. इथे तू माझ्याकडे बोट दाखवलंस. ‘मोजपट्टी, ही तुझी. वाजवणारा भिंतीला टेकून उभा. आवाज मऊ, घाई नाही, चेहऱ्यावर काही नाही.’

‘आणि आत?’ मी विचारलं.

‘आत काय ते तो सांगत नाही. म्हणून तर थंड.’

पुढे काहींनी ठेका, पट्टी सगळंच सोडून दिलं, काहींनी विजेची वाद्यं आणली. त्यावर तुमच्या बँडच्या मास्तरांचं मत मी तुझ्याच तोंडून ऐकलेलं आहे: ‘नियम मोडायचे तर आधी ते यावे लागतात. आपण पुढच्या वर्षी मोडू.’

आता तुमचा बँड. त्या समीक्षकाने वर्तमानपत्रात काय लिहिलं ते तुला माहीत आहे. बाहेरून थंड शैलीची एकही रेकॉर्ड इथे आलेली नसताना या सात जणांनी ती आपली आपण शोधली, यांचा सॅक्सोफोन जड पापण्यांनी बोलतो, वगैरे. त्यावरून संगीत मंडळाने एप्रिलमध्ये तुझा सत्कार ठरवला. आई सांगत होती, तू नाही म्हणालास. ‘ज्याला स्वतःचं वाजवणं ओळखू येत नाही त्याचा कसला सत्कार’ असं म्हणालास म्हणे. शिकवणी बंद केलीस, सॅक्सोफोन पलंगाखाली सरकवलास आणि विसरण्यावरच्या डॉक्टरांची अठ्ठावीस तारखेची वेळ घेतलीस, हेही तिनेच सांगितलं.

याबद्दल मला लिहायचं आहे. या पत्रात नको.

या पत्रात फक्त तीन प्रश्न. एक, तालमीच्या खोलीत भिंतीवर काय होतं? दोन, ज्यावर रेकॉर्ड लावून तुम्ही शिकायचात तो ग्रामोफोन कसा होता? तीन, कार्यक्रमात टेपरेकॉर्डरपाशी कोण बसायचं? तिसऱ्याचं उत्तर मला माहीत आहे, तरी लिही. कुणाला विचारू नकोस, आठवेल तसं लिही.

तुमचे बेसवाले खांबकाका परवा ऑफिसात आले होते. अजूनही दारातून वाकूनच आत येतात. चहा घेतला. बाकी नंतर.

मोजपट्टी


१३ मार्च

मामा,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. या वेळी बातम्या नाहीत. एकच गोष्ट आहे, आणि ती मी अकरा दिवस घेऊन फिरते आहे.

तू लिहिलं आहेस:

‘१. भिंतीवर कॅलेंडर. दोन वर्षं जुनं. काढत नव्हतो कारण मागे ओल होती. २. ग्रामोफोन मास्तरांचा. पिसाळल्यासारखा पळायचा. तुझी मामी म्हणाली, द्या, मी दुरुस्त करते. मास्तर म्हणाले, वहिनी, हात लावू नका. तो सरळ झाला तर आम्हाला सगळं पुन्हा शिकावं लागेल. ३. तुझी मामी. दुसरं कोण बसणार? ता. क. हे असंच होतं की मला आपलं तसं वाटतं, कोण जाणे. तूच तपास.’

मामा, तपासलं आहे. हेच तीन प्रश्न मी खांबकाकांनाही विचारले होते. कॅलेंडर जुळलं, ओल जुळली, मास्तरांचं वाक्य जुळलं, त्यातलं ‘वहिनी’सुद्धा. काकांना कॅलेंडर तीन वर्षं जुनं आठवतं, एवढाच फरक. मी तुझी परीक्षा घेतली, तीही न सांगता. निकाल असा: तुझी आठवण शाबूत आहे. चूक माझी आहे. आता क्रमाने सांगते.

वेग दुरुस्त करणं हे आमचं रोजचं काम. जुन्या तबकड्या ठरलेल्या वेगाने क्वचितच मुद्रित व्हायच्या. टेपयंत्रंही कधी पळायची, कधी रेंगाळायची. तुमची पहिली टेप लावली तर धून पांढरी तीनमध्ये निघाली. पुढची पांढरी सातमध्ये. हार्मोनियमवर त्या पट्ट्यांचं काही वाटत नाही, पण सॅक्सोफोन आणि ट्रंपेट वाजवणाऱ्यांच्या बोटांना त्या काट्यासारख्या. ते लोक शेजारची, अर्धा स्वर खालची काळी दोन, काळी पाच घेतात. मी म्हटलं, मुद्रण करताना यंत्र हळू चाललं असणार, म्हणून आता ठरल्या वेगाने लावल्यावर सगळं अर्धा स्वर चढं ऐकू येतंय. अकराही टेपा मी पाच पूर्णांक सहा टक्क्यांनी सावकाश केल्या. सगळ्या धुना ‘योग्य’ पट्टीत जाऊन बसल्या. रेकॉर्डच्या वेष्टनावर मी एक ओळ घातली: ‘मूळ मुद्रणात यंत्राच्या वेगाचा दोष होता, तो दुरुस्त केला आहे.’

त्या यंत्रापाशी मामी बसायची.

प्रत्येक डब्याच्या झाकणात आतल्या बाजूला तिच्या अक्षरात दोन शब्द आहेत. ‘वेग तपासला.’ खाली तारीख आणि सही. दुकानात दिवसभर लोकांची घड्याळं दुरुस्त करणारी बाई. टेपवर खडूने खूण करून ती मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजायची. टेप कापायची कशी, जोडायची कशी, हे मला पहिल्यांदा तिनेच शिकवलं, त्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मी ते दोन शब्द वाचले होते. अकरा डबे, अकरा वेळा. मला वाटलं, हौशी माणसाचं तपासणं.

मग रेकॉर्ड आली आणि तू त्याच दिवशी फोन केलास. ते बोलणं मी तुला पुन्हा लिहून दाखवते, कारण तुला त्यातलं फक्त शेवटचं वाक्य लागलं आहे.

‘मोजपट्टी, छान झालंय. पण अगं, माझा सॅक्सोफोन सर्दी झाल्यासारखा का वाजतोय?’

‘टेप जुनी आहे, मामा.’

‘आणि हे काळी दोन लागतंय. आम्ही पांढरी तीनमध्ये वाजवायचो.’

‘त्या पट्टीत कुणी वाजवत नाही.’

‘तेच सांगतोय, मास्तरांचा तो ग्रामोफोन होता ना...’

‘मामा, मी मीटिंगमध्ये आहे.’

मग तू जे बोललास ते वाजवण्याबद्दल नव्हतंच. चौथ्या टेपवर दोन धुनांच्या मध्ये मामी बोलते, सात सेकंद. ‘अहो, जरा सावकाश. लोकांना श्वास तरी घेऊ द्या.’ तू म्हणालास, ‘तिचा आवाज एवढा जाड नव्हता गं.’

आणि मी म्हणाले, ‘आठवणीत आवाज बदलतो, मामा. टेपमध्ये बदलत नाही. वयाप्रमाणे होतं असं.’

मी मीटिंगमध्ये नव्हते. टेबलाशी एकटी बसून सफरचंद खात होते.

आता खांबकाका. दोन तारखेला रेकॉर्ड काखेत मारून आले. त्यांनी हेडफोन लावायला मागितला, चौथी धून लावायला सांगितली आणि डोळे मिटून ऐकलं. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

‘पोरी, बेस कोण वाजवतोय?’

‘तुम्हीच, काका.’

‘मी? मग तेव्हा माझ्या वाद्याला पाचवी तार फुटली होती का?’

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं, रागावले नाहीत. त्यांच्या त्या उभ्या बेसला तारा चारच, आणि सगळ्यांत खालच्या सुराची मोकळी तार म्हणजे पांढरी तीन. त्याच्या खाली वाद्यात स्वरच नाही, नुसतं लाकूड. आणि माझ्या रेकॉर्डवर ते आरामात त्याच्या खालची काळी दोन वाजवताहेत. त्या एका धुनेत मी नंतर मोजलं, बावीस वेळा. ‘त्या ग्रामोफोनपायी बाकीचे सगळे कुरकुर करायचे,’ काका म्हणाले. ‘तुझा मामा तर बोटं दाखवायचा, बघा सुजली म्हणून. मी एकटा खूश. मला काय, हात सोडून द्यायचा, तार आपली आपण गरजते.’

ते गेल्यावर मी मूळ टेप लावली आणि पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. धून संपल्यावर पुढची सुरू होईपर्यंतच्या शांततेत विजेची बारीक गुणगुण असते. सेकंदाला पन्नास कंपनं, ना कमी ना जास्त. वेग तपासायला याहून साधा उपाय नाही. मूळ टेपवर ती पन्नास भरली. माझ्या दुरुस्तीनंतर सत्तेचाळीस पूर्णांक दोन.

म्हणजे मामीचं यंत्र बिनचूक होतं. मास्तरांचा ग्रामोफोन साधारण अर्धा स्वर चढा पळायचा. तुमच्या बँडमधल्या पियानोला ‘साधारण’ कळत नाही, तो जवळची पट्टी धरतो. म्हणून तुम्ही सगळे बरोब्बर अर्धा स्वर वर शिकलात आणि कळल्यावरही तसेच वाजवत राहिलात. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. यंत्राची चूक इतकी नेमकी नसते. इतकी नेमकी चूक सात माणसांनी मिळून, मन लावून केलेलीच असते.

तू विचारशील, एवढी साधी तपासणी मोजपट्टीने कशी सोडली? मी नऊ दिवस स्वतःला सांगत होते की काम जास्त होतं. काम जास्त नव्हतं. गुणगुण मोजायची ती धुनांच्या मधल्या मोकळ्या जागेत. चौथ्या टेपवर त्या जागेत मामी बोलली. मी तयारीत नव्हते. तिला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. त्यानंतर कुठल्याही टेपवर मी ती जागा ऐकली नाही. तिथे आलं की पुढे जायचे, पुन्हा कुठे ती बोलेल म्हणून. ते सात सेकंद मी ठेवले ते तुझ्यासाठी, पण न ऐकता ठेवले.

आत काय ते थंड शैलीत सांगत नाहीत. तेव्हा हे शैली सोडून झालं, असं समज.

त्या समीक्षकाने ज्या थंडपणाचं कौतुक केलं तो तुमचा नाही, माझा आहे. जिने धावत चढणारा, घामाने भिजलेले शर्ट पिळून काढणारा बँड मी भिंतीला टेकवून उभा केला. आज बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘चूक लोकांना आवडली आहे. गप्प बसलीस तर कुणाला कळणार नाही.’ मी म्हटलं, एका माणसाला कळलंय, आणि त्याला वाटतंय की दोष त्याच्या डोक्यात आहे. त्यांनी तिथूनच छापखान्याला फोन करून काम थांबवलं. दुसरी आवृत्ती खऱ्या वेगात निघेल, चुकीची कबुली माझ्या नावाने छापली जाईल. समीक्षकाला आणि मंडळाला मी पत्रं टाकली. सत्कार कदाचित राहील. तुझ्या वाट्याला आलेला मान मी तुला न विचारता परत केला, तेही सांगून ठेवते.

डॉक्टरांकडे जावंसं वाटलं तर जरूर जा. पण माझ्या त्या वाक्यामुळे जाऊ नकोस.

खाली ‘माफ कर’ लिहून खोडलंय, ते तुला दिसेलच. ते पोस्टाने मागायचं नाही.

तुझी
मोजपट्टी


२१ मार्च

मामा,

नमस्कार. कालचा फोन पोचला, हे लेखी कळवते.

तू ‘हॅलो’ म्हणाला नाहीस. आधी पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज, मग बराच वेळ खुडबुड, मग फुंकर. पहिला स्वर फाटला. दुसराही. तिसऱ्यापासून ती चौथी धून, पहिल्या आठ ओळी, आणि घाई अशी की शेवटी तुलाच धाप लागली.

‘कुठली पट्टी?’

‘पांढरी तीन.’

‘मोजलीस?’

‘नाही. ऐकली.’

‘बरं,’ म्हणालास आणि ठेवून दिलास. आईला मी सांगितलं, मला तिच्यापेक्षा जास्त शब्द मिळाले. ती म्हणाली, ‘बाई गं, बोटं सुजतील आता, पुन्हा आमच्याच नावाने ओरडेल.’ आणि मग ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

समीक्षकाचं उत्तर आलं. चिडलेला आहे, पण पुन्हा ऐकून पुन्हा लिहीन म्हणतो. मंडळाचे सचिव म्हणतात, सत्कार ठरल्याप्रमाणेच होईल, फक्त निमंत्रणपत्रिकेतला ‘थंड शैलीचे प्रवर्तक’ हा मजकूर बदलावा लागेल. त्यावर तू आईला जे म्हणालास ते तिने मला सांगितलं आणि मी ते सचिवांना जसंच्या तसं कळवलं: ‘थंड म्हणून खुर्चीत बसवण्यापेक्षा गरम म्हणून उभा करा. सॅक्सोफोन घेऊन येतो.’ ते हो म्हणाले आहेत. खांबकाकांना मी विचारलं. ते म्हणाले, वाद्य जिन्यावरून कोण उतरवणार तेवढं सांग. मी उतरवणार आहे.

पुस्तिकेत तुमच्या बँडबद्दल आता असं लिहिलं आहे: ‘हे सात जण एका पळणाऱ्या ग्रामोफोनवर शिकले. त्यामुळे ते सगळ्यांपेक्षा अर्धा स्वर वर आणि थोडे जास्त घाईत वाजवत. त्यांना हे माहीत होतं. कार्यक्रमांचं मुद्रण बँडमधल्या सॅक्सोफोनवाल्याच्या पत्नीने केलं. त्यात दोष नाही.’ शेवटचं वाक्य बाईंना कोरडं वाटतं. मी ते बदलणार नाही.

सोबत चौथी टेप पाठवते. टेप नक्कल आहे, डबा मूळ आहे. मामीचं यंत्र तू अजून झाकून ठेवलं आहेस. त्याचा पट्टा मी दोन वर्षांपूर्वी बदलला होता, चालेल. धून आधी लावू नकोस. आधी ते सात सेकंद ऐक.

झाकणात मामीच्या सहीखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे आणि तिचेच दोन शब्द पुन्हा लिहिले आहेत. त्याखाली सहीची जागा मोकळी आहे. पन्नासचा आकडा माझ्याकडे आहे, पण तो विजेच्या गुणगुणीचा. आवाज तिचाच आहे का, हे सांगू शकणारा माणूस एकच आहे. ऐक, आणि पटलं तर सही कर. नाही पटलं तर मी पहिल्या टेपपासून पुन्हा सुरू करीन, कुठलीही जागा न सोडता.

रविवारी सकाळी येते. तू तोवर ऐकलेलं असशीलच. तरी माझ्यासाठी एकदा पुन्हा लाव. ते सात सेकंद मला तुझ्या शेजारी बसून ऐकायचे आहेत. माफीचं त्यानंतर बोलू.

तुझी,
पाच पूर्णांक सहा टक्के उशिरा पोचलेली,
मोजपट्टी